आंब्याच्या बुंध्याशी भुसा का पडतो? खोडात वर्ष काढणाऱ्या भिरुडाची गोष्ट

मृगाचे एक-दोन पाऊस झाले की रावेर तालुक्यातल्या गावांमध्ये ओट्यावरच्या दिव्याभोवती किड्यांची जत्रा भरते. बहुतेक किडे चिमुकले असतात, कुणी त्यांच्याकडे बघतही नाही. पण एखाद्या रात्री धप्पकन काहीतरी भिंतीवर आपटतं. जवळ जाऊन पाहिलं तर बोटाएवढा लांब, राखाडी-तपकिरी भुंगा. डोक्यावर अंगापेक्षाही लांब मिशा, मागे वळवलेल्या. उचलायला जावं तर करकर असा आवाज काढतो.

मग फोटो निघतो, ग्रुपवर जातो आणि तासाभरात खाली कुणीतरी लिहितं, 'विषारी किडा आहे, सांभाळून.'

तो विषारी नाही. त्याला नांगी नाही, अंगात विषही नाही. जबडे मात्र दणकट असतात. चिमटीत धरला तर बोटाला चावा घेऊ शकतो, पण तेवढंच. माणसाला त्याच्यापासून भीती नाही. भीती आहे ती बांधावरच्या आंब्याला, आणि त्यातही या भुंग्यापेक्षा त्याच्या अळीची जास्त. ही अळी कुणाच्याच फोटोत येत नाही.

हा आहे तरी कोण?

मराठीत आंबा उत्पादक याला भिरूड म्हणतात, कुठे नुसतंच खोडकिडा. शास्त्रीय नाव बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. स्वीडनचे कीटकशास्त्रज्ञ दे गीर यांनी १७७५ साली या जातीचं वर्णन केलं. नावाच्या दुसऱ्या शब्दाचा लॅटिनमधला अर्थ 'तांबड्या ठिपक्यांचा', आणि ओळखण्याची पहिली खूण तीच आहे. डोक्यामागच्या कवचावर तांबूस-नारिंगी रंगाचे दोन वाकडे ठिपके असतात. त्याच कवचाच्या दोन्ही बाजूंना एकेक टोकदार काटा असतो. पाठीवरच्या कडक पंखांवर पिवळट-नारिंगी ठिपके विखुरलेले असतात, आणि दोन्ही पंख जिथून सुरू होतात तिथे मधोमध एक पांढरा ठिपका. लांबी साधारण अडीच ते सहा सेंटिमीटर.

मिशा हे त्याच्या सगळ्या खानदानाचंच लक्षण आहे. लांब मिशांच्या भुंग्यांच्या या कुळाला शास्त्रज्ञ सेरॅम्बिसिडी म्हणतात. जगभरात त्याच्या सुमारे ३५ हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत. मिशा म्हणजे भुंग्याचं नाक. अंधारात झाडाचा वास, जखमेतून गळणाऱ्या रसाचा वास, जोडीदाराचा वास, सगळं तिथूनच कळतं. नराच्या मिशा मादीपेक्षा लांब असतात. आणि ती करकर? तो तोंडाने ओरडत नाही. डोक्यामागचं कवच त्याच्या मागच्या भागावर घासून तो आवाज काढतो. खरखरीत फणीवरून नख ओढावं तसा हा प्रकार. पक्ष्याने चोचीत धरलं तर त्याने दचकून सोडून द्यावं, एवढाच त्याचा उपयोग.

रावेर म्हटलं की आधी केळी आठवते, त्यामुळे एक शंका इथेच दूर करायला हवी. हा भुंगा केळीच्या बागेचं काही बिघडवत नाही. केळीला आपण झाड म्हणतो खरं, पण तिच्यात लाकूड नसतं. तिचा बुंधा म्हणजे पानांच्या देठांची एकात एक बसलेली गुंडाळी. केळीच्या कंदात शिरणारा सोंडकिडा वेगळा. त्याला लांब मिशा नसतात, पुढे सोंड असते. भिरुडाला लाकूडच लागतं आणि आंब्याचं लाकूड त्याला फार आवडतं. त्याशिवाय फणस, अंजीर, तुती यांच्यावरही तो जगतो.

सालीखालचं वर्ष

दिव्यावर आलेला भुंगा म्हणजे या किड्याच्या आयुष्याचा शेवटचा अंक. त्याआधीचं सगळं आयुष्य त्याने मिट्ट काळोखात काढलेलं असतं.

पावसाळ्यात बाहेर पडलेले भुंगे रात्री फिरतात आणि कोवळ्या फांद्यांची साल कुरतडून खातात. समागमानंतर मादी झाड शोधते. धडधाकट, रसरशीत झाडापेक्षा थकलेलं, जखमी, पाण्याचा ताण बसलेलं झाड तिला जास्त सोयीचं. खोडावरची भेग, फांदीचं बेचकं, जुन्या छाटणीची जखम अशी जागा गाठून ती जबड्याने सालीला लहानशी चीर पाडते आणि तिच्यात एकच अंडं ठेवते. मग दुसरी चीर, दुसरं अंडं. तांदळाच्या दाण्याएवढी ही अंडी एक मादी दोनशेपर्यंत घालू शकते. सगळी जगत नाहीत. पण झाडाच्या दृष्टीने त्यातली चार-पाच जगली तरी ती जास्तच झाली.

आठवड्या-दोन आठवड्यांत अंडं फुटतं. बाहेर आलेली अळी आधी सालीच्या आतल्या अंगाला, नागमोडी वाटेने खात सुटते. सुकलेल्या फांदीची साल सोलली की या वाटा दिसतात. वळणं, वेटोळी, मध्येच एखादी काना-मात्रा वाटावी अशी रेघ. लाकडात किड्याने कोरलेल्या रेघा चुकून अक्षरासारख्या दिसाव्यात, यावरूनच संस्कृतात 'घुणाक्षर न्याय' आला. म्हणजे ध्यानीमनी नसताना साधलेली गोष्ट.

अळी वाढली की ती सालीखालून आणखी आत, लाकडात शिरते. मळकट पांढरी, मऊ, भक्कम तपकिरी डोक्याची ही अळी पूर्ण वाढल्यावर आठ-नऊ सेंटिमीटर लांब होते. म्हणजे ज्या भुंग्यात तिचं रूपांतर होणार, त्याच्यापेक्षाही लांब. तिला पाय नसतात. अंगावरचे फुगीर उंचवटे बोगद्याच्या भिंतींना दाबून धरत ती पुढे सरकते. समोरचं लाकूड जबड्याने तोडायचं, त्यातलं थोडं पोटात, बाकीचा भुसा मागे. जवळजवळ वर्षभर हेच काम.

एवढा वेळ का लागतो? कारण लाकूड हे फार कसहीन अन्न आहे. त्यात भरपूर असतं ते सेल्युलोज, म्हणजे ज्यापासून कागद बनतो तो तंतुमय पदार्थ. आपण तो पचवू शकत नाही. अळीच्या पोटात तो फोडणारे पाचकरस असतात आणि मदतीला सूक्ष्मजीव. तरीही अंग वाढवायला लागणारी प्रथिनं लाकडात नावापुरतीच असतात. एखाद्याने फक्त कोंडा खाऊन पैलवान व्हायचं ठरवावं, तसं हे आहे. म्हणून खायचं खूप आणि वाढायचं हळू. झाडाचं नुकसान एवढं मोठं होतं त्यामागे हेही एक कारण आहे.

वाढ पूर्ण झाली की अळी लाकडातच एक कोठी तयार करते आणि तिथे कोषात जाते. तीन-चार आठवड्यांनी कोषातून भुंगा निघतो, पण लगेच बाहेर येत नाही. त्याचं कवच आधी कडक व्हावं लागतं. मग पावसाचे दिवस आले की तो लाकूड आणि साल कापत बाहेर पडतो. खोडावर मागे राहतं बोट सहज जाईल एवढं गोल भोक. ते भोक दिसलं याचा अर्थ कीड आली असा नाही. आत वर्ष काढून ती निघून गेली, असा त्याचा अर्थ.

झाड कशाने मरतं?

झाडाची सगळी वाहतूक खोडाच्या बाहेरच्या काही बोटांच्या जाडीत चालते. सालीच्या लगेच आतल्या थरातून पानांनी तयार केलेलं अन्न खाली मुळांकडे जातं. त्याच्या आतल्या ओलसर लाकडातून मुळांनी ओढलेलं पाणी वर जातं. मधला गाभा बहुतांशी फक्त आधाराचा. म्हणूनच गाभा कुजून ढोली पडलेला आंबाही वर्षानुवर्षं फळं देत राहतो.

भिरुडाची अळी नेमकी त्या दोन चालू थरांत काम करते. एका फांदीत एक अळी असेल तर ती फांदी वाळते. बुंध्याभोवती चार-पाच अळ्यांचे बोगदे एकमेकांना भेटले की अख्ख्या झाडाची नाकेबंदी होते. लहान कलमाला तर एकच अळी पुरते.

इथे झाडाचं वय महत्त्वाचं ठरतं. खानदेशात बांधावर, विहिरीजवळ गावरान आंब्याची जुनी झाडं असतात. कुणी ओळीत लावलेली नसतात, आजोबा-पणजोबांच्या वेळी कोय रुजली आणि झाड झालं. प्रत्येकाची चव वेगळी, कुणी लोणच्याचा तर कुणी रसाचा. आखाजीला घरात पहिला आंबरस होतो तो अशाच झाडांच्या भरवशावर. नर्सरीतून आणलेलं कलम मेलं तर दुसरं आणता येतं. कोयीपासून वाढलेलं झाड गेलं की तो आंबाच संपतो, कारण त्याच्या कोयी लावल्या तरी पुढच्या झाडाला तीच चव येईल याची खात्री नसते. त्यातच या पट्ट्यात विहिरींचं पाणी खोल गेलंय. बागेला ठिबक असतं, बांधावरच्या म्हाताऱ्या झाडाला कोण पाणी देणार? असं तहानलेलं झाड भिरुडाला आयतं सापडतं.

या खानदानातले बाकीचे

खानदेशातल्या शेतकऱ्याला लांब मिशांचे भुंगे नवीन नाहीत, फक्त नातं माहीत नसतं. सोयाबीनवर येणारा चक्रीभुंगा याच कुळातला. त्याची मादी खोडाला किंवा पानाच्या देठाला दोन गोल चकत्या पाडते आणि मधल्या जागेत अंडं घालते. वरचा भाग रस न मिळाल्याने वाळतो आणि अळी खोड पोखरत खाली उतरते. आकाराने भिरुडासमोर अगदीच किरकोळ, पण युक्ती तीच. अळीला झाडाच्या आत सोडायचं आणि बाकीचं तिच्यावर सोपवायचं.

नाशिक-सांगलीकडच्या जुन्या द्राक्षबागांत खोडाच्या बुडाशी भुसा पडतो, तो सेलोस्टर्ना नावाच्या दुसऱ्या भावाचा. त्याची मूळ ओळख बाभळीवरची कीड अशी. शेजारच्या मध्य प्रदेशात मंडला-दिंडोरीच्या जंगलात १९९०च्या दशकाच्या शेवटी याच कुळातल्या एका भुंग्याने सालवृक्षांचा असा फडशा पाडला की वनखात्याला लाखो झाडांचा प्रश्न पडला. तिथे वापरलेला उपाय जुना आणि विलक्षण होता. सालाचं एखादं झाड पाडून त्याची साल ठेचायची. रसाच्या वासाने लांबून भुंगे येतात आणि रस पिऊन सुस्तावतात. मग मजुरांनी ते हाताने वेचायचे आणि संख्येप्रमाणे पैसे घ्यायचे. खानदेशातल्या सातपुड्यात सालवृक्ष नाही, त्यामुळे ते संकट इकडे यायचं कारण नव्हतं.

सगळ्याच जातींना कीड म्हणणं मात्र अन्यायाचं ठरेल. रावेरच्या उत्तरेला पालच्या बाजूने यावल अभयारण्यात शिरलं की साग, सलई, अंजन, धावडा यांचं रान लागतं. अशा रानात मेलेली झाडं, वाऱ्याने पडलेल्या फांद्या सतत साठत असतात. लांब मिशांच्या बहुसंख्य जाती अशाच मेलेल्या किंवा मरू घातलेल्या लाकडावर जगतात. त्यांच्या बोगद्यांतून पाणी आणि बुरशी आत शिरते आणि ओंडक्याची माती व्हायला लागते. त्यांच्या अळ्यांवर सुतार पक्षी जगतात. सुतार झाडावर टकटक करत फिरतो तो बऱ्याचदा आत अळी कुठे आहे याचा अंदाज घेत असतो. रानात जो किडा सफाई कामगार, त्याचाच भाऊबंद बांधावर गुन्हेगार ठरतो.

लाकडातून परदेशात

आत लपून वर्ष काढायची सवय या किड्यांना प्रवासाला भलतीच उपयोगी पडली आहे. आपला भिरूड मूळचा भारत आणि आसपासच्या आशियाई देशांतला. तिथून तो मॉरिशस, मादागास्कर, कॅरिबियन बेटं आणि पश्चिम आशियापर्यंत गेला. इस्रायलमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यात तो अंजिराच्या बागांत शिरला आणि तिथली झाडं त्याने मारली.

उलट दिशेचं गाजलेलं उदाहरण चीन-कोरियातल्या एका काळ्या-पांढऱ्या भुंग्याचं. १९९६ मध्ये तो न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सापडला. मालाच्या लाकडी खोक्यांतून तो आला होता. रस्त्याकडेची हजारो झाडं तोडावी लागली. अशा प्रकारांनंतर २००२ मध्ये लाकडी पॅकिंगसाठी आंतरराष्ट्रीय नियम आला. परदेशी जाणाऱ्या खोक्याचं किंवा पॅलेटचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवायचं, नाहीतर धुरी द्यायची, आणि तसा शिक्का मारायचा. एखाद्या गोदामात लाकडी पॅलेट दिसलं तर त्यावर गव्हाच्या लोंबीचं चित्र आणि 'एचटी' ही अक्षरं शोधा. एचटी म्हणजे लाकूड तापवलेलं आहे.

घरातलं लाकूडही सुटत नाही. याच कुळातली स्ट्रोमॅशियम नावाची जात सुक्या लाकडावर जगते, मग तो वासा असो की पलंग. सुक्या लाकडात कस आणखी कमी, म्हणून वाढ आणखी हळू. अमेरिकेतल्या एका जातीचा भुंगा पुस्तकांच्या कपाटातून तब्बल चाळीस वर्षांनी बाहेर पडल्याची नोंद आहे. कपाट करणारा सुतार तोवर काम सोडून घरी बसला असेल!

बांधावरचा आंबा तपासायचा कसा?

पानं वाळायला लागली की सगळे वर बघतात. बघायला हवं खाली. बुंध्याशी किंवा फांद्यांच्या बेचक्यात लाकडाचा भुसा पडलेला दिसतो, तो अळीने बाहेर ढकललेला असतो. भुसा ओलसर आणि फिकट असेल तर अळी आत जिवंत आहे. काळपट, कोरडा असेल तर तो जुना. भुशाजवळच सालीवर छिद्र असतं आणि बऱ्याचदा तिथून डिंक किंवा तपकिरी रस गळत असतो. पावसाळ्यात घातलेल्या अंड्यांच्या अळ्या पाऊस ओसरेपर्यंत बऱ्यापैकी वाढलेल्या असतात, त्यामुळे दसरा-दिवाळीच्या सुमारास झाडाभोवती एक फेरी मारणं सोयीचं.

इथे दोन गोष्टींशी गल्लत होते. खोडावर मातीचे पापुद्रे असतील तर ती वाळवी. भुशाच्या आणि विष्ठेच्या जाळीदार पट्ट्या सालीवर चिकटलेल्या दिसल्या तर ती साल खाणारी अळी. ती पतंगाची अळी असते, भुंग्याची नाही. तिचा मुक्कामही छिद्रातच, पण ती रात्री बाहेर येऊन साल खाते आणि एवढी खोल जात नाही.

भिरुडाची खात्री पटली तर काम हातानेच करायचं आहे. छिद्र मोकळं करायचं, सायकलच्या चाकाची तार किंवा तिच्यासारखी लवचीक तार आत घालून अळीला टोचून मारायचं, जमल्यास ओढून काढायचं. बोगदा वळणाचा असला की तार पोहोचत नाही. तेव्हा पेट्रोलमध्ये किंवा शिफारस केलेल्या कीटकनाशकात भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून छिद्र चिखलाने लिंपून टाकायचं. पेट्रोल हाताळताना जवळ विडी-सिगारेट नको, हे वेगळं सांगायला नको. कुठलं औषध, किती, हे गावातल्या कृषी सहायकाला किंवा पालच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्यावं. ग्रुपवर आलेलं मिश्रण थेट फळझाडाच्या खोडात ओतू नये. आठवड्याने परत येऊन बघायचं. लिंपलेल्या जागी किंवा शेजारी ताजा भुसा दिसला तर अळी अजून कामावर आहे, पुन्हा सुरुवात.

कुऱ्हाडीने साल फोडून अळी शोधत बसणं टाळावं, कारण प्रत्येक घाव म्हणजे पुढच्या मादीला अंडं घालायची नवी जागा. छाटणी केली तर जखमेवर बोर्डो पेस्ट लावतात ती झाकण्यासाठीच. पावसाळ्याच्या तोंडावर दिव्याशी येणारे भुंगे वेचून मारले तरी उपयोग होतो. एक मादी कमी म्हणजे दोनशे अंडी कमी.

आणि पूर्ण वाळलेली फांदी किंवा झाड तोडावंच लागलं, तर ते लाकूड चुलीसाठी म्हणून गोठ्यामागे रचून ठेवण्याची पद्धत आहे. लाकूड तोडलं म्हणून आतली पूर्ण वाढलेली अळी मरत नाही. ती त्याच ओंडक्यात कोषात जाते. म्हणून भिरूड लागलेलं सरपण उन्हाळ्यातच जाळून संपवायचं. मृग लागेपर्यंत ते गोठ्यामागे राहिलं, तर त्यातून निघालेले भुंगे ओट्यावरच्या दिव्यावर येतात आणि तिथून बांधावरच्या पुढच्या आंब्यावर जातात.